जपानमध्ये नोकरी, पण इंग्रजी शिकवायची नाही: कोणता व्हिसा, कोणते कागद?

जपानला जायचं ठरलं की लोक आधी व्हिसाच्या चौकशीला लागतात. खरा क्रम उलटा आहे. आधी नोकरी, मग व्हिसा. आणि मुख्य अर्ज तुम्ही करत नाही, तुम्हाला घेणारी जपानी कंपनी करते.

पदवीधरांचा नेहमीचा व्हिसा जपानमध्ये थोडक्यात 'गिजिनकोकु' म्हणून ओळखला जातो. सॉफ्टवेअर, मशीन डिझाइन, अकाउंट्स, विक्री, दुभाषाचं काम, सगळं त्यात बसतं. अट अशी, की कामाशी जुळणारी पदवी हवी, नाहीतर १० वर्षांचा अनुभव. मेकॅनिकलची पदवी घेऊन हॉटेलात वेटर म्हणून अर्ज केलात तर तो टिकणार नाही. आयटीवाल्यांना एक सवलत आहे, जी फार थोड्यांना ठाऊक असते: नायलिट (पूर्वीचं डोएक) या केंद्र सरकारच्या संगणक-शिक्षण संस्थेची 'ए', 'बी' किंवा 'सी' लेव्हल परीक्षा पास असाल तर पदवीवाचून चालू शकतं. भारतीय जेवण बनवणाऱ्या आचाऱ्यांचा व्हिसा वेगळा, त्याला १० वर्षांचा अनुभव कागदावर सिद्ध करावा लागतो.

पदवी नाही, आयटीआय किंवा बारावी झाली आहे? मग 'तोकुतेई गिनोउ', म्हणजे विशिष्ट कौशल्य कामगार. ही योजना एप्रिल २०१९ मध्ये सुरू झाली, भारताशी करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. वय किमान १८, त्या क्षेत्राची कौशल्य परीक्षा आणि जपानी भाषेची जेएलपीटी एन४ (खालून दुसरी पातळी) किंवा जेएफटी-बेसिक, यांपैकी एक परीक्षा. जेएलपीटी पुण्या-मुंबईत देता येते, पण ती जुलै आणि डिसेंबरमध्येच असते. जेएफटी संगणकावर होते, तारखा जास्त मिळतात. वृद्धांच्या देखभालीच्या कामाला (काइगो) भाषेची आणखी एक परीक्षा आहे. या व्हिसाच्या पहिल्या टप्प्यात एकूण ५ वर्षं राहता येतं आणि बायको-मुलांना नेता येत नाही. एजंट हे सहसा शेवटी सांगतात, तुम्ही आधीच विचारा.

ऑफर मिळाली की कंपनी तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात पात्रता प्रमाणपत्रासाठी (सीओई) अर्ज करते. शुल्क नाही, साधारण एक ते तीन महिने लागतात. पदवीच्या वाटेने जाणाऱ्यांनी त्यासाठी कंपनीला पाठवायचं ते फोटो, बायोडेटा, पदवी प्रमाणपत्र आणि अनुभवाची पत्रं. आपल्याकडची माणसं अडतात ती इथेच. नुसत्या मार्कशीटवर भागवू नका, विद्यापीठाकडून पदवी प्रमाणपत्र काढून घ्या. त्यावर आडनाव आधी आणि पासपोर्टवर नाव आधी, स्पेलिंगही वेगळं, असं असेल तर आताच दुरुस्त करा. अनुभवपत्र लेटरहेडवर हवं, त्यात रुजू आणि सोडल्याची तारीख, हुद्दा, फोन नंबर हवा. तारखांमधला महिना आणि वर्ष बायोडेटाशी तंतोतंत जुळायला हवं.

सीओई ३ महिनेच चालतं. ते आलं की पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि फोटो घेऊन व्हीएफएस (व्हिसाचे अर्ज स्वीकारणारी कंपनी) केंद्रात अर्ज द्या. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासाकडे जातात. पर्यटक व्हिसावर जाऊन मुलाखत देता येते, काम नाही.

एजंटामार्फत जात असाल तर त्याचा परवाना परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि जीएसटी घेता येतो. नारिता, हानेदासारख्या मोठ्या विमानतळांवर उतरलात की रहिवासी कार्ड हातात मिळतं. राहायला जागा मिळाल्यावर १४ दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवा.