रंग आधी, तोल नंतर

अजगराचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं टणक नसतं. कवच चामड्यासारखं, बोटानं दाबलं तर खळगा पडेल असं. बॉल पायथन या आफ्रिकी अजगराची मादी एका वेळी साधारण पाच-सहा अंडी घालते. पैदास करणारा ती तिच्या वेटोळ्यातून अलगद सोडवून उबवणीच्या पेटीत ठेवतो आणि पुढचे जवळजवळ दोन महिने पेटीच्या तापमापकाकडे बघत बसतो. दिवस भरत आले की पुष्कळांना धीर धरवत नाही. बारीक कात्रीनं कवचाला चीर पाडायची, दोन बोटांनी फट जरा रुंद करायची आणि आत बॅटरीचा झोत टाकायचा. आतलं पिल्लू अजून बलकाला जोडलेलं असतं, बाहेर यायची त्याची तयारी नसते. पण वाट पाहणाऱ्याला पिल्लाची घाई नसतेच. त्याला रंग बघायचा असतो.

घाना, टोगो, बेनिन या देशांतल्या रानात हे अजगर तपकिरी-काळ्या ठिपक्यांचं, बिळात राहणारं, भित्रं जनावर आहे. भ्यालं की डोकं आत घेऊन स्वतःचा चेंडू करतं, म्हणून नाव बॉल. अमेरिकेत १९९२ साली त्याच्या पांढऱ्या-पिवळ्या, लाल डोळ्यांच्या पिल्लांची पहिल्यांदा पिंजऱ्यात पैदास झाली आणि या छंदाचा नूरच पालटला. असे रंगप्रकार बहुतेक एकेका जनुकाच्या बदलानं येतात. हौशी मंडळी त्यांना ‘मॉर्फ’ म्हणतात. दोन मॉर्फची जोडी लावली की तिसरा, त्यात चौथा. आज अशा मिश्रणांची संख्या हजारांत आहे. जो पहिल्यांदा नवा मॉर्फ काढेल त्यानं त्याचं बारसं करायचं, हा अलिखित नियम. हौसेला मोल नसतं असं आपण म्हणतो. इथे हौसेला चोख मोल असतं, फक्त ते टिकत नाही. नवा मॉर्फ सुरुवातीला हजारो डॉलरना जातो, आणि सगळ्यांकडे झाला की त्याचा भाव कोसळतो. मग पुढचं अंडं, पुढची कात्री.

१९९९ साली आफ्रिकेतून अमेरिकेत आलेल्या एका अजगराच्या अंगावर सोनेरी रंग होता आणि त्यावर काळ्या रेषांची बारीक जाळी. नाव पडलं ‘स्पायडर’. पिल्लंही तशीच निघाली, म्हणजे गुण प्रभावी. एका पालकाकडून आला तरी पुरे. बाजाराला आणखी काय हवं? पण या अजगरांत काहीतरी बिनसलेलं होतं. उंदीर समोर धरला की साधा बॉल पायथन मान इंग्रजी एसच्या आकारात आखडतो, क्षणभर स्थिर होतो आणि नेमका झेपावतो. स्पायडरची मान तेव्हा थरथरायला लागते. डोकं बाजूला कलतं, कधी मळसूत्रासारखं पिळत उलटं होतं, झेप उंदराच्या शेजारी पडते. काहींना उताणं ठेवलं तर सुलटं होणंही जड जातं. इंग्रजीत याला ‘वॉबल’, म्हणजे डुलणं, असं गोड नाव आहे.

यावर पैदासकारांचं ठरलेलं उत्तर असायचं: खातो, कात टाकतो, अंडी देतो, मग त्रास कसला? आपला तो बाब्या. पण या युक्तिवादाचा पाया कच्चा आहे. सापाला हलणाऱ्या पापण्या नाहीत, भुवया नाहीत, कण्हायला आवाज नाही. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही याचा अर्थ एवढाच, की चेहरा दाखवायला बनलेला नाही. आणि खाणं नि वीण तर कोंडलेले, आजारी प्राणीही करतात.

२०२२ साली जर्मन संशोधकांनी स्पायडर अजगरांच्या डोक्यांचं सूक्ष्म सीटी स्कॅनिंग केलं, तेव्हा बिघाड कुठे आहे ते दिसलं: अंतर्कर्णात. माणसाप्रमाणेच सापाचाही तोल तिथे सांभाळला जातो. तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांमधलं द्रव डोकं वळल्याची खबर देतं, आणि ‘सॅक्युलस’ नावाच्या पिशवीतला चुनखडीचा खडा खाली कुठे, वर कुठे ते सांगतो. स्पायडरमध्ये या नळ्यांचीही घडण बिघडलेली होती आणि त्या पिशवीचीही. ज्याला खाली-वरच नीट कळत नाही, तो उंदरावर नेम धरणार कसा?

कातडीवरच्या जाळीचा कानाशी काय संबंध, असं वाटेल. पण गर्भात रंगपेशी ज्या पेशीसमूहातून निघतात (त्याला चेताशिखा म्हणतात), त्यातल्याच काही पेशी प्रवास करत अंतर्कर्णापर्यंतही जातात. पांढरी, निळ्या डोळ्यांची मांजरं आणि डाल्मेशियन कुत्रे यांच्यात बहिरेपण जास्त आढळतं ते याच नात्यानं. स्पायडरचं गणितही बहुधा त्याच वळणाचं आहे. म्हणूनच कमी डुलणारे निवडून डुलणं घालवू, हा अनेकांनी केलेला प्रयत्न फसला. सौम्य आईबापांच्या पोटी जोरात डुलणारी पिल्लं येतच राहिली. जाळी हवी तर डुलणं पदरात पडणारच. ब्रिटनमधल्या इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीनं आपल्या मेळ्यांत स्पायडर विकायला बंदी केली. इतरत्र विक्री चालूच राहिली.

अभिमान पैदासकाराला असावाच. माणदेशातला शेतकरी खिलार खोंडाची शिंगं, रंग, मान यांबद्दल तासभर बोलेल. पण तो खोंड बाजारात चालवून दाखवावा लागतो, आणि लंगडला तर शिंगांकडे कोणी बघत नाही. अजगराला काही कामच नसतं. बहुतेक मोठे पैदासकार त्याला उथळ प्लास्टिकच्या खणात ठेवतात, कपाटात खणावर खण. अंग पूर्ण ताणून पडायलाही तिथे अनेकदा जागा नसते. खणात व्यंग दिसत नाही आणि जाहिरातीच्या फोटोत तर नाहीच नाही. फोटोत दिसतो तो रंग, आणि निवड त्याचीच होते.

ही हौस आपल्याकडेही उतरली आहे, कधीकधी अक्षरशः विमानातून. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबईला आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटं आणि केकच्या पुड्यांत लपवलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक सापडले होते.

लेमन फ्रॉस्ट या पालीच्या मॉर्फची गोष्ट मला या साऱ्यात जास्त महत्त्वाची वाटते. लेपर्ड गेको ही जाड शेपटीची, ठिपकेदार पाल. तिचं मूळ अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातलं. तिच्या पैदाशीत साधारण दहा वर्षांपूर्वी एक नर निपजला, मिस्टर फ्रॉस्टी. पोट पांढरंशुभ्र, पाठीचा पिवळा रंग आतून दिवा लावल्यासारखा. त्याच्या वंशाला मोठी मागणी आली. मग पिल्लांच्या कातडीवर पांढऱ्या, जाडसर गाठी दिसायला लागल्या.

पालीच्या अंगावरचा पांढरा झळाळ ग्वानिनचे स्फटिक बाळगणाऱ्या पेशींमुळे येतो. हे स्फटिक आरशांसारखा प्रकाश परतवतात. लॉस अँजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लिओनिड क्रुग्लियाक यांच्या गटानं २०२१ मध्ये दाखवलं की दोष स्पिंट-१ या जनुकाच्या भागात असावा. पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या जनुकांत त्याची गणना होते. माणसाच्या त्वचेच्या कर्करोगाशीही त्याचं नाव जोडलेलं आहे. लगाम ढिला पडला की आरसेवाल्या पेशी बेसुमार वाढतात. थोड्या वाढल्या तर रंग खुलतो, वाढतच गेल्या तर अर्बुद होतं. या जनुकाची एकच सदोष प्रत असलेल्या पालींपैकी ८० टक्क्यांहून जास्त जणींना सहा महिने ते पाच वर्षं या वयात गाठी झाल्या. म्हणजे गाठ हे रंगाचं दुष्परिणामी शेपूट नव्हे. रंग ही गाठीचीच पहिली पायरी.

या शोधनिबंधाच्या लेखकांत एक पैदासकारही आहे. गाठी त्याच्याच पिंजऱ्यात दिसल्या होत्या. त्या लपवून माल खपवता आला असता. त्यानं पैदास थांबवली आणि आपले प्राणी व नोंदी प्रयोगशाळेकडे दिल्या. कोणता नर, कोणती मादी, अंडी कोणत्या तारखेची, पिल्लं कोणत्या रंगाची, हे सगळं मांडलेलं होतं. जनुक शोधायला असाच वंशवृक्ष लागतो. ‘जगातला पहिला’ हा मान आपलाच आहे हे सिद्ध करायला ठेवलेल्या वह्या अशा कामाला आल्या.

अमेरिकेतल्याच ईस्टर्न मिशिगन विद्यापीठातले विद्यार्थी तर आणखी साध्या वाटेनं गेले. त्यांना बॉल पायथनच्या रंगांची जनुकं हुडकायची होती आणि सापांना सुई टोचायची नव्हती. त्यांनी हौशी लोकांकडून टाकलेली कात मागवली. २०२२ मध्ये त्यांचा निबंध आला: पांढऱ्या अजगरांत बिघडलेली जनुकं माणसांतल्या जन्मजात पांढरेपणात, म्हणजे अल्बिनिझममध्ये बिघडतात तीच होती. ज्या कातींतून हे निघालं त्या पातळ, कागदासारख्या असतात. उजेडात धरल्या तर ठिपक्यांची पुसट खूण दिसते, आणि पिवळा, सोनेरी, लिंबू असा कुठलाच रंग त्यांच्यावर राहिलेला नसतो.