मृत धनकोच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी

दिवाणी दावा जिंकलेला पक्षकार (धनको) वसुलीआधीच मरण पावल्यास त्याच्या वारसांनी हुकूमनामा (न्यायालयाचा दाव्यातील निर्णायक आदेश, डिक्री) बजावून घेण्याची भारतीय कायद्यातील रीत. भारतातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिशकाळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने) 1872 मध्येच म्हटले होते. मध्येच धनको गेला, तर त्या अडचणींत वारसा सिद्ध करण्याची भर पडते.

दाव्यात वादी वारला आणि वारस 90 दिवसांत नोंदवले गेले नाहीत, तर त्याच्यापुरता दावा संपुष्टात येतो. दरखास्तीला, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या अर्जाला, ही भीती नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधील आदेश 22, नियम 12 ने तिला या तरतुदीतून वगळले आहे. वारस चालू दरखास्तीत नाव लावू शकतात किंवा नवी दाखल करू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने व्ही. उथिरपती वि. अश्रब अली (1998) या निकालात हेच सांगितले. खरा वारस कोण, हा वाद उठला तर कलम 47 प्रमाणे दरखास्त चालवणारे न्यायालयच तो ठरवते.

पैशाच्या हुकूमनाम्यात खरी अडचण येते ती भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 214 ची. वारसाच्या अर्जावरून ऋणकोविरुद्ध (पैसे देणे असलेल्या पक्षकाराविरुद्ध) वसुली करायची, तर प्रोबेट (मृत्युपत्र सिद्ध झाल्याचा न्यायालयाचा दाखला), प्रशासनपत्र (मृताच्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचा न्यायालयाने दिलेला अधिकार), उत्तराधिकार प्रमाणपत्र (मृताचे येणे वसूल करण्याचा न्यायालयाने दिलेला दाखला) किंवा मुंबई विनियम 8, 1827 खालचा वारस दाखला यांपैकी काहीतरी हजर करावे लागते. तलाठ्याकडची वारस नोंद इथे चालत नाही. ही अट वारसांना छळण्यासाठी घातल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात ती ऋणकोसाठी आहे. प्रमाणपत्रधारकाला त्याने सद्भावनेने पैसे दिले, की उद्या दुसरा वारस उभा राहिला तरी त्याच्यावर दुबार भरण्याची पाळी येत नाही. वारसांनी ती रक्कम आपसांत कशी वाटायची, हा त्यांचा वेगळा प्रश्न.

प्रमाणपत्रात हुकूमनाम्याचे कर्ज नमूद असावे लागते. बँकेतल्या ठेवी लिहिल्या आणि हुकूमनामा विसरला, असे झाले तर कलम 376 खाली प्रमाणपत्राची व्याप्ती वाढवून घेता येते. शेतजमिनीचा खंड कलम 214 च्या अटीतून वगळला आहे. घराचा किंवा जमिनीचा ताबा मागणारा हुकूमनामा मुळात कर्जाचा नसल्याने त्यालाही ती लागू नाही. धनकोने स्वतः केलेली दरखास्त वारस फक्त पुढे चालवत असतील तर प्रमाणपत्र हवेच का, यावर उच्च न्यायालयांत एकमत नाही.

मुदतीच्या बाबतीत मात्र सवलत नाही. मुदत अधिनियम, 1963 च्या अनुच्छेद 136 नुसार हुकूमनामा अंमलात आणण्याजोगा झाल्यापासून 12 वर्षे मिळतात आणि धनकोच्या मृत्यूने ती नव्याने सुरू होत नाहीत. म्हणून प्रमाणपत्राची वाट पाहत बसण्यापेक्षा आधी दरखास्त लावणे शहाणपणाचे. अनेक वारसांपैकी एकालाही सर्वांच्या हितासाठी ती लावता येते.