घड्याळ असली, पण चेन कुठली? डाइव्ह वॉचच्या पट्ट्याची पार्श्वभूमी

ठाण्यात नौपाड्याच्या बाजूला किंवा वाशी-नेरुळमध्ये एखादे जुने, महागडे डाइव्ह वॉच, म्हणजे पाणबुड्यांसाठी बनवलेले घड्याळ, विकायला निघाले की घेणारा डायल भिंगाखाली धरतो, मशीन उघडून दाखवायला सांगतो आणि स्टीलची चेन मात्र गृहीत धरतो. व्यवहार अडतो तो बहुधा नंतर, याच चेनवरून. ‘चेन असली आहे का?’ हा प्रश्न एक वाटला तरी त्यात तीन प्रश्न आहेत: ती त्या कंपनीची आहे का, ती घड्याळाच्या काळातली आहे का, आणि ती याच घड्याळाबरोबर विकली गेली होती का. पहिल्याचे उत्तर ‘होय’ आणि उरलेल्या दोहोंचे ‘नाही’ असू शकते. हा गुंता नकली माल बनवणाऱ्यांनी निर्माण केलेला नाही, तो या पट्ट्यांच्या इतिहासातच आहे.

ब्लांपँचे फिफ्टी फॅदम्स आणि रोलेक्सचे सबमरिनर ही दोन्ही घड्याळे १९५३ सालची. त्या काळात, आणि पुढेही बरीच वर्षे, पट्टा हा घड्याळाचा अविभाज्य भाग नव्हता. घड्याळ कातडी पट्ट्यावर विकले जाई, स्टीलची चेन वेगळे पैसे मोजून घेतली जाई, आणि ती बनवणाराही अनेकदा वेगळा असे. रोलेक्ससाठी चेन घडवणारी जिनिव्हाची गे फ्रेर ही कंपनी इतर नामांकित कंपन्यांनाही माल पुरवत होती. १९७२ च्या ऑदेमार पिगेच्या रॉयल ओकचा गाजलेला पट्टा तिचाच. रोलेक्सने ती १९९८ मध्ये विकत घेतली. त्यामुळे जुन्या चेनला स्वतःचा क्रमांक आहे आणि लॉकवर स्वतःची तारीख आहे, जी केसच्या, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाच्या, क्रमांकाशी जुळलीच पाहिजे असे नाही.

सबमरिनरच्या चेनचे टप्पे सर्वांत नीट अभ्यासले गेले आहेत. साठच्या दशकातील ७२०६ क्रमांकाच्या चेनच्या कडा पाहिल्या तर रिव्हेटची गोल डोकी ओळीने दिसतात आणि कड्या पोकळ असतात. त्यानंतरच्या ९३१५ मध्ये पत्रा घडी घालून कड्या केल्या आणि लॉकच्या आत एक जादा पट्टी दिली, जी उघडली की चेन पाणबुड्याच्या जाड पोशाखावरून मनगटाभोवती बसे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या ९३१५० मध्ये कड्या भरीव झाल्या, तरी केसला भिडणारी टोकाची कडी वाकवलेल्या पत्र्याचीच राहिली. ती भरीव झाली ९३२५० मध्ये. लांबी बिनहत्याराने दोन-दोन मिलिमीटरने कमीजास्त करणारे ग्लाइडलॉक हे लॉक रोलेक्सच्याच २००८ च्या डीपसी या घड्याळावर आले आणि २०१० मध्ये स्टीलच्या सबमरिनरवर. याचा उपयोग सरळ आहे. साठच्या दशकातील घड्याळावर भरीव टोकाची कडी दिसली, तर चेन असली असूनही नंतरची आहे.

टोकाच्या कडीवरही आकडा असतो आणि माझ्या मते चेनची जोडी तपासण्याची तीच सर्वांत दुर्लक्षित जागा आहे. ७२०६ ला ८०, ९३१५ ला २८० किंवा ३८०, ९३१५० ला ५८० किंवा पुढे ५९३, अशा जोड्या सर्वसाधारणपणे आढळतात. लॉकच्या आतल्या पात्यावर आधी तिमाहीचा आकडा आणि वर्षाचे शेवटचे दोन अंक उमटवलेले असत; १९७६ पासून वर्षासाठी अक्षर आणि महिन्यासाठी आकडा आला, म्हणजे ‘डी ९’ हा सप्टेंबर १९७९. सर्व्हिसमध्ये बदललेल्या लॉकवर ‘एस’ हे अक्षर आढळते. अलीकडच्या लॉकवरील संकेतातून मात्र वर्ष काढता येत नाही.

आपल्याकडे या गुंत्यात आणखी भर पडली. परदेशी घड्याळांच्या आयातीवर कित्येक दशके निर्बंध होते, आणि १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम १२३ मध्ये सोन्याबरोबर घड्याळांचाही उल्लेख आहे: तस्करीच्या संशयावरून जप्त झालेला माल तसा नाही, हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्याकडे तो सापडला त्याच्यावर. अशा वातावरणात डबा, बिल आणि वॉरंटीचा कागद एकत्र जपून ठेवण्याची सवय कशी लागणार? आयातीवरील संख्यात्मक निर्बंध २००१ मध्ये उठले. तोवर आलेली बरीच घड्याळे जहाजावरच्या किंवा आखातात नोकरी करणाऱ्या माणसांच्या मनगटावरून आली. न्हावाशेवा बंदर आणि करावे येथील टी. एस. चाणक्य ही जहाजी प्रशिक्षण संस्था यांच्या परिसरात जहाजी घरे थोडी नाहीत. त्यात आपली दमट हवा: घाम आणि धूळ यांचा लगदा कड्यांच्या पिनांभोवती साचून धातू झिजवतो, चेन ‘लूज पडते’ आणि बदलली जाते.

नेरुळमधील एका निवृत्त जहाजी इंजिनिअरचे घड्याळ या दृष्टीने पाहण्यासारखे होते. ५५१३ क्रमांकाचे सबमरिनर, क्रमांकावरून सत्तरच्या दशकाच्या आरंभीचे. चेन ९३१५०, टोकाच्या कड्या ५८०, लॉकवर ‘डी ९’. घेणाऱ्याने तारखा जुळत नाहीत म्हणून ‘डुप्लिकेट’ ठरवून भाव निम्म्यावर आणला होता. चेन आडवी धरली तेव्हा ती मध्यभागी बोटभर झुकली, म्हणजे पिना झिजल्या होत्या. अक्षरांच्या कडा पुसट असल्या तरी ठसा खोल होता. आणि चेन काढल्यावर केसच्या शिंगांच्या (जिथे पट्टा अडकतो त्या टोकांच्या) आतल्या बाजूला आधीच्या कडीने घासलेली वेगळी रेघ दिसली. इंजिनिअरसाहेबांना आठवले, की परदेशातील एका बंदरात जुनी चेन तुटल्यावर त्यांनी ही घेतली होती. चेन कंपनीचीच, घड्याळ वापरात असताना घेतलेली, पण त्याबरोबर विकली गेलेली नव्हे. त्यामुळे भाव काहीसा उतरायला हवा होता, निम्मा नव्हे.

आजच्या ‘फर्स्ट कॉपी’ चेनवर हेच आकडे असतात, त्यामुळे आकडा जुळणे पुरेसे नाही. पातळ, सपाट किंवा लेझरने जळल्यासारखा दिसणारा ठसा, केसशी फट सोडणारी टोकाची कडी आणि तिच्या कडांवर राहिलेली कच्ची धार अधिक बोलकी असते. नवी चेन मुद्दाम घासून जुनी दाखवली असेल, तर ओरखडे वरच्या बाजूला भरपूर असतात आणि आतल्या बाजूला, जिथे मनगट घासते, तिथे पॉलिश जसेच्या तसे असते.