गाडी वाजतेय? काय वाजतं ते नंतर, आधी कधी वाजतं ते सांगा

नमस्कार मंडळी. आमच्या कराडच्या गॅरेजला येणाऱ्या निम्म्याहून जास्त गाड्या आता वयाने मोठ्या झाल्यात. कोणाची 2006 ची मारुती 800, कोणाची जुनी सँट्रो, कोणाची इंडिका, दोनचार जणांच्या पहिल्या मॉडेलच्या स्विफ्ट डिझेल, आणि बऱ्याच जणांनी पंधरा वर्षं झाल्यावर परत पासिंग करून आरसी पुढची पाच वर्षं वाढवून घेतलेली, म्हणजे गाडी विकायची नाहीये, चालवायचीय. चांगलंय, आम्हालाही जुन्या गाड्याच आवडतात. पण रोज एक फोन असा येतोच की "भाऊ, गाडी कसातरी आवाज करतेय, किती खर्च येईल?" आता याला आम्ही काय उत्तर देणार. म्हणून हे पत्रक काढलंय, बिलासोबत देतोय, डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून ठेवा.

पहिली गोष्ट, आवाजाचं नाव शोधत बसू नका. एकाला जे टक टक वाटतं ते दुसऱ्याला खट खट वाटतं, आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या क्लिपमधे तर सगळ्याच गाड्या ट्रॅक्टरसारख्या ऐकू येतात, कारण फोनचा माइक माणसाचं बोलणं पकडायला बनवलाय, इंजिनचा जाड ठोका तो निम्मा गिळून टाकतो. आम्हाला खरा उपयोग होतो तो "कधी" याचा. सकाळी थंड इंजिनवर येतो का गरम झाल्यावर? गाडी जागेवर उभी असताना येतो का फक्त पळताना? रेस केली की आवाजाचा वेग वाढतो का तोच राहतो? क्लच दाबला की जातो का येतो? एसी लावल्यावर? चढाला? एवढं जरी नीट बघून आलात तरी आमचा अर्धा तास वाचतो आणि तुमचे पैसे.

क्लचचंच बघा. गाडी न्यूट्रलला चालू आहे, घरघर येतेय, क्लच पूर्ण दाबला आणि घरघर गेली, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेरिंगवर, कारण क्लच दाबल्यावर तो शाफ्ट फिरायचा थांबतो. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर रिलीज बेरिंग. दोन्हीत इंजिनचा काही दोष नाही, पण लोक "इंजिन गेलं" म्हणून तोंड पाडून येतात.

तसंच, जागेवर रेस केली तर काहीच आवाज नाही पण रस्त्यावर चाळीसच्या पुढे हूं हूं हूं येतं, आणि गाडी न्यूट्रलला टाकली तरी ते चालूच राहतं, तर तो चाकाचा बेरिंग किंवा टायर. बॉनेट उघडायची सुद्धा गरज नाही.

आता खरा इंजिनचा आवाज. सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे वरच्या बाजूने, टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा भाग) कव्हरकडून येणारं बारीक टिक टिक. याची ओळख वेगावरून होते. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा दांडा) दोन वेळा फिरतो तेव्हा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एकदा फिरतो, म्हणजे व्हॉल्व्हचा आवाज नेहमी इंजिनच्या अर्ध्या वेगाने येतो. आयडलिंगला 800 आरपीएम धरले तर एक टॅपेट सेकंदाला सहासात ठोके देतो, जवळजवळ मोजता येईल एवढा सावकाश. जुन्या बऱ्याच गाड्यांत टॅपेटचा गॅप फीलर गेज (मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून सेट करता येतो, गॅप मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात, थोडा वाढला की टिक टिक सुरू. अर्ध्या दिवसाचं काम आहे, घाबरायचं कारण नाही.

पण इथे एक उलटी गोष्ट सांगायचीय जी आमच्या वडिलांनी शिकवली, की वाजणारा टॅपेट बरा, गप्प टॅपेट वाईट. विशेषतः सीएनजी बसवलेल्या जुन्या गाडीत. सीएनजीवर व्हॉल्व्हची सीट जास्त झिजते, व्हॉल्व्ह हळूहळू हेडमधे (इंजिनच्या वरच्या भागात) वर सरकतो आणि गॅप वाढायच्या ऐवजी कमी होत जातो. आवाज नाही म्हणून मालक खूष, आणि आत व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही, कॉम्प्रेशन उतरतं, सकाळी स्टार्टिंगला त्रास, आयडलिंगला मिसिंग, आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो. त्यामुळे सीएनजीवाल्यांनी आवाजाची वाट न बघता टॅपेट चेक करून घ्यायचे.

टिक टिकचा एक तोतया पण आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं किंवा नट सैल झाला की तिथून गॅस बाहेर पडताना हुबेहूब टॅपेटसारखाच आवाज येतो, सकाळी थंडीत जास्त, आणि लोखंड तापून फुगलं की भेग मिटते आणि आवाज बसतो. मागे एक काका त्यांची 800 घेऊन आले, दुसरीकडे कुठेतरी हाफ इंजिनचं काम सांगितलेलं, हेड काढायचं, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग वगैरे सगळं. आम्ही टॉर्च मारला तर मॅनिफोल्डच्या सांध्यावर काजळीचा काळा पट्टा. गॅस्केट आणि दोन नट, झालं काम. काकांनी दुसऱ्या दिवशी पेढे आणले. सैल स्पार्क प्लगपण असाच फसवतो, त्याच्या बुडातून फस फस येते.

थंड इंजिनवर जाडसर ठोका येतो आणि दोन-तीन मिनिटांत इंजिन तापलं की जातो, तो बहुतेक पिस्टनचा. बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) झिजलेला असतो, थंडीत पिस्टन ढिला बसतो आणि बाजूवर आपटतो, तापून फुगला की बरोबर बसतो. ऑइल पीत नसेल आणि निळा धूर नसेल तर अशी गाडी वर्षानुवर्षं चालते, आम्ही स्वतः अशी एक चालवतोय. हे ऐकून काही जणांना वाटतं गॅरेजवाला काम टाळतोय, पण खरंच, याच्यासाठी इंजिन उघडू नका.

आता ज्याला आम्हीही घाबरतो तो आवाज. खालून, चेंबरच्या (ऑइल साठतं त्या खालच्या भांड्याच्या) बाजूने, जड ठक ठक, कोणीतरी आतून हातोडीने ठोकतंय असा, रेस केल्यावर वाढणारा आणि गरम झाल्यावर कमी व्हायच्या ऐवजी अजून स्पष्ट होणारा, चढाला जोर लावला की सगळ्यात जास्त. हा कनेक्टिंग रॉडच्या बेरिंगचा, म्हणजे बिग एंडचा. शेल बेरिंग आणि क्रँक यांच्यामधे ऑइलचा जो पातळ थर असतो तो टिकत नाहीये, लोखंड लोखंडाला भिडतंय. यासोबत ऑइलचा लाल दिवा जर लुकलुकला तर "घरापर्यंत नेतो" हा विचार करू नका. इंजिन बंद करा, बाजूला लावा, आम्हाला फोन करा, टोइंगचा खर्च सोसा. वेळेवर थांबलात तर नवीन शेल आणि फारतर लेथवर क्रँक घासून निभावतं, नाही थांबलात तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो आणि मग भंगाराच्या भावाची चर्चा करावी लागते. ऑइलच्या दिव्याबद्दल एवढंच लक्षात घ्या की तो ऑइल किती आहे ते सांगत नाही, प्रेशर सांगतो, आणि तो लागेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. म्हणून दर दोन आठवड्यांनी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी, डिपस्टिक बघा. लहान गाडीत ऑइल जेमतेम तीन लिटरच्या आसपास मावतं, त्यातलं एक लिटर कमी झालं म्हणजे तिसरा हिस्सा गेला की.

हा ठोका कोणत्या सिलिंडरचा ते शोधायला आम्ही एकेक सिलिंडर बंद करून बघतो. प्लगची वायर काढली की त्या सिलिंडरवरचा जोर जातो आणि ठोका एकदम मऊ पडतो, म्हणजे चोर सापडला. हे घरी करू नका, वायरला हजारो व्होल्ट असतात आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं. आणि कॉमन रेल डिझेलवाल्यांनी (स्विफ्ट डिझेलसारख्या) तर इंजेक्टरच्या पाइपचा नट चालू इंजिनवर कधीच सैल करू नये, आत प्रेशर हजार बारच्या वर जाऊ शकतं, धार कातडी फाडून आत जाते. जुन्या डिझेलला मेकॅनिक जे करायचे ते इथे चालत नाही.

टायमिंगचं थोडक्यात, पण नीट वाचा. 1.3 लिटरवाल्या स्विफ्ट डिझेलमधे क्रँक आणि कॅमला जोडणारी टायमिंग चेन आहे, 800 आणि जुन्या इंडिकात बेल्ट. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो, त्यामुळे सकाळी सेल मारल्यावर दोनतीन सेकंद खळखळ झाली आणि गेली तर चेन किंवा टेन्शनर थकायला लागलेत, किंवा ऑइल कमी आहे, लवकर दाखवा. बेल्टवाल्यांचं अवघड असं की बेल्ट बहुतेक वेळा काहीच न बोलता तुटतो. डिझेलला तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळलेच म्हणून समजा. त्यामुळे मॅन्युअलमधे जे किलोमीटर दिलेत ते झाले की, आवाज असो नसो, बदलायचा, आणि जुनी गाडी विकत घेतली असेल व आधीच्या मालकाकडे बिल नसेल तर बदललेलाच नाही असं धरून चालायचं.

पुढून येणारी चीं चीं आणि किर्र बहुतेक बाहेरच्या बेल्टची नाहीतर त्याच्यावर फिरणाऱ्या कशाची तरी. आम्ही चालू बेल्टवर लांबून पाण्याचा थोडा फवारा मारतो. आवाज वाढला तर बेल्ट सैल, क्षणभर थांबून परत आला तर पुली तिरकी किंवा बेल्ट झिजलेला, काहीच फरक नाही तर अल्टरनेटर नाहीतर वॉटर पंपचा बेरिंग. मग बेल्ट काढून अर्धा मिनिट इंजिन चालवायचं, आवाज गेला म्हणजे इंजिन निर्दोष. अर्धा मिनिटच, कारण काही गाड्यांत वॉटर पंप पण त्याच बेल्टवर असतो आणि इंजिन तापतं.

कुंभार्ली घाट चढताना, चौथ्या गिअरमधे कमी वेगावर अॅक्सिलरेटर दाबला की जो कडकड पत्रा वाजल्यासारखा आवाज येतो ते नॉकिंग, पेट्रोल वेळेआधी भलत्याच ठिकाणी पेटतंय. पहिलं औषध फुकट आहे, गिअर उतरवा. तरी येत असेल तर आत कार्बन साठलाय, इग्निशन टायमिंग चुकलंय किंवा इंजिन जास्त तापतंय. बरेच जण याचा दोष 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला देतात, पण इथेनॉलचा ऑक्टेन (नॉकिंग न होऊ देण्याची ताकद) जास्त असतो, त्याने नॉकिंग वाढत नाही, जुन्या गाडीत त्याची काळजी करायची ती रबराच्या पाइप आणि सीलची. ते बघून देतो आम्ही.

अजून एक, जुनी गाडी घ्यायला जाताना आम्हाला सोबत न्या किंवा निदान एवढं करा, की इंजिन थंड असताना जा. "तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवलीय" असं म्हणाले तर चहा पिऊन या आणि संध्याकाळी परत जा. गरम इंजिन आणि त्यात मुद्दाम ओतलेलं जाड ऑइल, या दोघांमधे निम्मे ठोके लपतात.

घरी ऐकायचंच असेल तर लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनच्या स्थिर भागाला, आवाज जिथे मोठा तिथे मूळ. पण ओढणी, लांब बाही, मोकळे केस सांभाळून, बेल्टपासून दूर, आणि रेडिएटरचा फॅन कित्येक गाड्यांत चावी काढल्यावरही अचानक सुरू होतो हे विसरू नका. आणि आधी हाताने हलवून बघा हो! बॅटरीचा क्लॅम्प, एअर फिल्टरच्या डब्याची क्लिप, सायलेन्सरवरचा पत्रा. गेल्या पावसाळ्यात एका ताईंच्या सँट्रोतली "इंजिनची खडखड" म्हणजे उंदराने एअर फिल्टरच्या डब्यात साठवलेल्या शेंगा होत्या.

तपासणीचे आम्ही 300 रुपये घेतो, काम आमच्याकडे केलं तर बिलातून वजा. फोनवर खर्च सांगत नाही, राग मानू नका. थंड इंजिनचा आवाज असेल तर सकाळी गाडी चालवत आणून उपयोग नाही, इथे येईपर्यंत ती तापते, आदल्या संध्याकाळी सातच्या आत आणून लावा आणि चावी देऊन जा, सकाळी पहिला सेल आम्हीच मारतो. तुम्हाला स्वतःला ऐकायचं असेल तर साडेआठला या. सोमवारी बंद.