वेस्टन अशनी
अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात १४ डिसेंबर १८०७ ला सकाळी साधारण साडेसहाच्या सुमाराला आकाशातून पडलेले दगड (अशा दगडांना अशनी म्हणतात). युरोपियन लोक तिकडे वस्तीला गेल्यानंतर तिथे पडताना पाहिलेले, हाती लागलेले आणि नीट तपासले गेलेले हे पहिले अशनी असं सहसा मानतात. आजच्या वर्गवारीत ते एच ४ कॉन्ड्राइट, म्हणजे लोखंडाचं प्रमाण बऱ्यापैकी असलेला नेहमीचा दगडी प्रकार.

नावावरून थोडी गफलत होते. तेव्हाचं वेस्टन टाउन मोठं होतं, त्यातून १८४५ मध्ये ईस्टन वेगळं झालं, त्यामुळे बरेचसे दगड पडलेली जागा आज ईस्टनमध्ये येते आणि उरलेल्या जागा शेजारच्या मनरो आणि ट्रंबुलमध्ये. एकूण सहा ठिकाणी दगड सापडले, उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या एका पट्ट्यात.

न्यायाधीश नेथन व्हीलर यांनी आकाशात जळता गोळा पाहिला तो पूर्ण चंद्राच्या अर्ध्या ते दोन तृतीयांश आकाराचा, साधारण अर्धा मिनिट दिसत होता, आणि विझल्यावर जरा वेळाने तोफेसारखे तीन आवाज आले. सगळ्यात मोठा दगड अंदाजे २०० पौंडांचा असावा, पण तो एलायजा सीली यांच्या शेतात खडकावर आपटून चक्काचूर झाला, तिथे मोठा खड्डा पडला आणि गुरं घाबरून कुंपण ओलांडून पलीकडे गेली. नंतर लोकांनी जे केलं ते जास्त वाईट. दगडात सोनं-चांदी असणार म्हणून कोणी मुशीत घालून वितळवून बघितलं, कोणी ऐरणीवर ठेवून घण घातले. एकूण पडलेलं वजन ३५० पौंडांच्या आसपास धरतात, त्यातलं फार थोडं वाचलं.

थोड्याच दिवसांत येल कॉलेजमधून बेंजामिन सिलिमन आणि जेम्स किंग्सली हे दोघे प्रोफेसर तिथे पोचले. सिलिमन मूळचा कायद्याचा विद्यार्थी, १८०२ मध्ये त्याला केमिस्ट्रीचा प्रोफेसर नेमलं आणि मग तो हा विषय शिकायला फिलाडेल्फिया, इंग्लंड, एडिनबरा असा फिरून आला. दोघांनी घरोघरी जाऊन साक्षी घेतल्या (इथे कायद्याचं शिक्षण कामी आलं असावं), खड्डे मोजले, नमुने जमवले. पहिला वृत्तांत डिसेंबर संपायच्या आत तिथल्याच एका वर्तमानपत्रात आला. मग सिलिमनने रासायनिक विश्लेषण केलं आणि त्यात निकेल सापडलं. हे महत्त्वाचं, कारण १८०२ मध्ये लंडनच्या एडवर्ड हॉवर्डने वेगवेगळ्या ठिकाणी पडलेल्या दगडांत, त्यात १७९८ चा आपल्या बनारसजवळचाही होता, निकेल दाखवलेलं होतं, म्हणजे वेस्टनचे दगडही त्याच जातीचे ठरले. फ्रान्समध्ये लेग्लचा दगडांचा पाऊस १८०३ चा, त्यावरच्या फ्रेंच शास्त्रज्ञ बिओच्या रिपोर्टनंतर आकाशातून दगड पडतात की नाही हा वाद युरोपात बराचसा मिटला होता, म्हणजे सिलिमन काही अंधारात चाचपडत नव्हता. दगड येतात कुठून यावर मात्र फ्रेंच गणितज्ञ लाप्लासचं, ते चंद्रावरच्या ज्वालामुखीतून फेकले जातात हे म्हणणं न घेता या दोघांनी येलचेच जुने प्रेसिडेंट थॉमस क्लॅप यांची कल्पना उचलली, की उल्का म्हणजे पृथ्वीभोवती फिरणारे छोटे धूमकेतू. आज दोन्ही बाद आहेत.

या प्रकरणातलं सगळ्यात गाजलेलं वाक्य म्हणजे, 'आकाशातून दगड पडतात यापेक्षा दोन यांकी प्रोफेसर खोटं बोलतात हे मानणं सोपं', आणि ते राष्ट्राध्यक्ष जेफरसनच्या नावावर चिकटलंय. पण त्या काळातला एकही कागद याला आधार देत नाही, वाक्य छापून येतं ते कित्येक दशकांनी. जेफरसनचं खरं मत १५ फेब्रुवारी १८०८ च्या पत्रात आहे, डॅनियल सॅल्मन नावाच्या माणसाला लिहिलेल्या. त्यात तो म्हणतो की समजावून सांगता येत नाही म्हणून एखादी गोष्ट नाकारायची नाही, पण ज्ञात नियमांशी न जुळणाऱ्या गोष्टीला तितकाच भक्कम पुरावा हवा, आणि दगड एखाद्या विद्वत्सभेने तपासावा. शंका आहे, टिंगल नाही. काही लेखक राजकारणाकडे बोट दाखवतात, कनेटिकट जेफरसनच्या विरोधी फेडरलिस्ट पक्षाचं, त्यात दगड पडले त्याच महिन्यात जेफरसनने परदेशी व्यापारावर बंदी आणली, तेव्हा तो येलवर खार खाऊन असेल. असेलही, पण सिलिमनचा निबंध मार्च १८०८ मध्ये वाचला गेला तो फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीत, आणि तिचा अध्यक्ष तेव्हा जेफरसनच होता. पत्र खरं आणि वाक्य मागाहून रंगवलेलं, असंच धरणं बरं.

गणिताची बाजू मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमच्या नॅथनिएल बाउडिचने लावली, हा जहाजावरच्या नौकानयनात मुरलेला आणि स्वतःच शिकलेला माणूस. वेगवेगळ्या गावांतून गोळा किती उंचीवर दिसला ते घेऊन त्याने १८१५ मध्ये छापलं की उंची सुमारे १८ मैल आणि वेग सेकंदाला ३ मैलांहून जास्त. वजनाचा त्याचा आकडा मात्र लाखो टनांत गेला, कारण दिसणाऱ्या झगझगाटालाच त्याने घन दगडाचा आकार धरलं, आणि मग एवढा ऐवज गेला कुठे म्हणून बहुतेक भाग पुढे निघून गेला असं म्हणावं लागलं. उंची-वेगाचं काम मात्र पुढेही वापरलं गेलं.

सिलिमनने १८१८ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ सायन्स सुरू केलं, ते अजून निघतं. शाबूत राहिलेला सगळ्यात मोठा तुकडा, साडेछत्तीस पौंडांचा, टॅशुआ टेकडीवर सापडलेला, कर्नल जॉर्ज गिब्सने विकत घेतला होता. १८२५ मध्ये येलने गिब्सचा सगळा खनिजसंग्रह २०,००० डॉलरला घेतला तेव्हा तो तुकडा तिकडे आला, आणि आज येलच्याच पीबॉडी म्युझियममध्ये आहे.