हम्पी, हारिका, दिव्या आणि त्याच्याही आधीच्या तिघी बहिणी

आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं २८ जुलै २०२५ ला जॉर्जियातल्या बटुमीत बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकला हे आता इथं पोराटोरांनाही माहीत आहे, पण ती कोणाकोणाला हरवून जिंकली ते कमी लोक बोलतात आणि मला तर खरी गोष्ट तिथंच वाटते.

क्वार्टर फायनलला समोर होती भारताचीच हारिका द्रोणावल्ली. ह्याच दोघी सप्टेंबर २०२४ ला बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये, म्हणजे देशादेशांच्या टीमच्या बुद्धिबळ स्पर्धेत, एका टीममधून खेळल्या, भारताच्या बायकांनी पहिल्यांदा गोल्ड आणलं ते तेव्हाच. टीममध्ये असताना एकमेकींच्या ओपनिंगची तयारी, कोण कुठं अडकते, सगळं कळतं. मग दहा महिन्यांनी तीच मैत्रीण समोर येते आणि एकीला बॅग भरावीच लागते, सोपं नाहीये हे.

आणि हे काही आजचं नाही. १९७४ ला आपल्याकडं पहिली महिला नॅशनल स्पर्धा झाली, ती मुंबईच्या वासंती खाडिलकरनं जिंकली, पुढं बहिणी जयश्री आणि रोहिणी, म्हणजे पहिली जवळपास दहा वर्षं टायटल एकाच घरात फिरत होतं. खेळणाऱ्या बायकाच मोजक्या, त्यामुळं सरावालाही तीच आणि स्पर्धेतही तीच. पण समोर ओळखीची आहे म्हणून कोणी खेळ सैल सोडला नाही, हे मला फार मोठं वाटतं.

दिव्याच्या फायनलला समोर होती कोनेरू हम्पी, तीही भारताचीच. २००२ ला पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर (बुद्धिबळातलं सगळ्यात मोठं टायटल) झालेली, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता! दोन क्लासिकल, म्हणजे जास्त वेळाचे, डाव बरोबरीत, मग निकाल लावायला टायब्रेक, त्याचा पहिला रॅपिड, म्हणजे कमी वेळाचा, डावही बरोबरीत, आणि दुसऱ्यात काळ्या मोहऱ्यांनी दिव्या जिंकली. घड्याळात वेळ संपत आलेली, हम्पीनं डाव सोडून हात पुढं केला, नंतर दिव्या आईला मिठी मारून रडली. फायनलला पोचल्यामुळं दोघींनाही कँडिडेट्सचं, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनला आव्हान कोण देणार ते ठरवणाऱ्या स्पर्धेचं, तिकीट मिळालंच होतं.

दिव्याकडं तोवर ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म (टायटलसाठी स्पर्धांमध्ये करून दाखवावी लागणारी ठरावीक कामगिरी) नव्हता, कप जिंकला म्हणून टायटल थेट मिळालं. तिच्याआधी भारतात फक्त तीन बायका ग्रँडमास्टर होत्या, हम्पी, हारिका आणि वैशाली. पहिल्या दोघींना ह्याच स्पर्धेत हरवून ती चौथी झाली, आणि वैशाली बुडापेस्टला तिच्या बाजूच्याच बोर्डवर खेळत होती.