घरातलं आर्केड कॅबिनेट: करवत हातात घेण्याआधी

आर्केड कॅबिनेट म्हणजे गेम पार्लरमध्ये असे तशी उभ्याने खेळायची व्हिडिओ गेमची पेटी. आम्ही ती घरासाठी बनवून देतो. आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक आधी आतल्या कॉम्प्युटरबद्दल विचारतात. रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) पुरेल, की पीसी बसवावा लागेल? प्रश्न रास्त आहे, पण तो शेवटी सोडवायचा. आधी हे ठरवा, की तुम्हाला नेमके कोणते गेम खेळायचे आहेत. ‘सगळेच’ हे उत्तर आम्ही मान्य करत नाही. दहा गेमची नावं एका कागदावर लिहा. त्या कागदावरून जॉयस्टिक कुठली हे ठरतं, बटणं किती हे ठरतं, स्क्रीन उभा की आडवा आणि पेटी किती रुंद, हेसुद्धा ठरतं.

काठी आणि बटणं

१९८० सालचा पॅक-मॅन घ्या, भुतांना चुकवत चक्रव्यूहात फिरायचा गेम. त्याच्या जॉयस्टिकला चारच दिशा. आज मिळणाऱ्या बहुतेक जॉयस्टिक आठ दिशांच्या असतात, म्हणजे काठी तिरकी गेली की शेजारचे दोन स्विच एकदम दाबले जातात. पॅक-मॅनला तिरकं जाताच येत नाही. उजवीकडून वर वळताना काठी कोपऱ्यात घसरते, ‘उजवीकडे’ आणि ‘वर’ असे दोन्ही हुकूम एकाच वेळी पोचतात, वळण हुकतं आणि मागचं भूत गाठतं. खेळणाऱ्याला वाटतं, आता आपला हात पूर्वीसारखा राहिला नाही. हाताला काही झालेलं नसतं. काठीच्या तळाशी एक प्लास्टिकची चौकट असते, तिला गेट म्हणतात. काही जॉयस्टिकमध्ये ही चौकट ४५ अंशांत फिरवून बसवता येते, की तिरके कोपरे बंद होतात आणि वळणं पुन्हा अचूक लागतात. १९८१ च्या डाँकी काँगचंही हेच.

याच्या उलट १९९१ चा स्ट्रीट फायटर २. त्याला सहा बटणं लागतात, तीन ठोशांची आणि तीन लाथांची. हाडोकेन (हातातून सुटणारा ऊर्जेचा गोळा) सोडायचं तर काठी खाली, मग तिरकी, मग पुढे अशी एका दमात फिरवून ठोशाचं बटण दाबायचं असतं. चार दिशांच्या काठीवर ते कधीच निघणार नाही. दोन्ही तऱ्हेचे गेम तुमच्या कागदावर असतील तर आम्ही पॅनलच्या (काठ्या आणि बटणं बसवलेल्या फळीच्या) मधोमध चार दिशांची वेगळी काठी देतो, किंवा गेट बाहेरूनच बदलता येईल अशी जॉयस्टिक बसवतो.

सेंटिपीड या गेमला ट्रॅकबॉल (तळहाताने फिरवायचा गोळा) हवा, आर्कनॉइडला गोल फिरणारा स्पिनर. पण हे सगळं एकाच पॅनलवर कोंबू नका. मनगट टेकवायला जागाच उरत नाही, आणि वर्षातून एकदा खेळायच्या गेमसाठी रोजच्या गेमची मजा जाते.

लाकडाला हात लावण्याआधी पुठ्ठ्याचं पॅनल करून पाहा. खऱ्या मापाचा पुठ्ठा कापा, त्यावर बटणांची वर्तुळं काढा, जमिनीपासून ९० ते ९५ सेंमी उंचीवर ठेवा आणि दोघं जण अर्धा तास समोर उभे राहा. खांदे एकमेकांना लागतात का? करंगळी शेवटच्या बटणापर्यंत सहज जाते का? आम्ही बनवलेल्या सुरुवातीच्या एका पॅनलवर बटणं पट्टीने आखल्यासारखी सरळ रांगेत होती. दिसायला सुबक, पण थोड्याच वेळात मनगट भरून यायचं, कारण बोटं काही एका लांबीची नसतात. ते पॅनल आम्ही बदलून दिलं. तेव्हापासून रांग हलक्या कमानीत घेतो आणि पुठ्ठ्यावर तुमचा हात ठेवून पाहिल्याशिवाय भोकं पाडत नाही.

आणि भोकं पाडण्याआधी बटणं हातात असू द्या. जपानी पद्धतीच्या बटणाला ३० मिमीचं भोक लागतं, अमेरिकन पद्धतीच्या बटणाला साधारण २८ ते २९ मिमीचं. मोठं झालेलं भोक लहान करता येत नाही.

स्क्रीन

जुन्या मॉनिटरचा आकार ४:३ होता, आणि पॅक-मॅन, गॅलागासारख्या कितीतरी गेममध्ये तो उभा बसवलेला असे. पॅक-मॅनचं चित्र २२४ ठिपके रुंद आणि २८८ उंच आहे. आजच्या २४ इंची रुंद स्क्रीनवर तेच चित्र मधल्या जेमतेम २२ सेंमीच्या पट्टीत मावतं. तुमचे बहुतेक गेम उभे असतील तर स्क्रीनही उभाच बसवा, फरक पहिल्याच डावात कळेल. टीव्ही वापरणार असाल तर त्यातला गेम मोड चालू करा. नाहीतर चित्र छान दिसण्यासाठी टीव्ही आत जी प्रक्रिया करतो तिच्यामुळे बटण दाबणं आणि गोळी सुटणं यांत अंतर पडतं.

घरात जुनं कॅबिनेट असेल तर

इथे आमची कळकळीची विनंती आहे. चालू असलेलं जुनं कॅबिनेट आतून रिकामं करू नका. नवी पेटी केव्हाही बनते. त्या काळची छपाई, नाण्याचा दरवाजा, हजारो हातांनी गुळगुळीत झालेली काठीची मूठ पुन्हा बनत नाही.

आधी मागचं झाकण काढून वायरिंग पाहा (हात न लावता, का ते पुढे सांगतो). १९८५ च्या सुमारास जपानी उत्पादकांच्या संघटनेने जामा नावाची जोडणी ठरवली. एकच ५६ पिनांचा कनेक्टर, त्यातूनच वीज, चित्र, आवाज, काठ्या आणि बटणं. त्यामुळे एक गेम बोर्ड (ज्यावर गेम असतो ते सर्किट) काढून दुसरा लावणं कॅसेट बदलण्याइतकं सोपं झालं. तुमच्या पेटीत हा कनेक्टर असेल तर एकही वायर न कापता त्यावर नवा बोर्ड चालवता येतो.

जुन्या पेटीत आम्ही जो बदल करू तो परत फिरवता आला पाहिजे. मूळ पॅनलला नवं भोक पाडत नाही. नवं पॅनल करून बसवतो आणि जुनं कापडात गुंडाळून पेटीच्याच तळाशी ठेवतो. काढलेले स्क्रू पाकिटात, पाकिटावर ते कुठले हे लिहून.

आता धोक्याचं. पिक्चर ट्यूबच्या रंगीत मॉनिटरमध्ये वीस हजार व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून जास्त दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही तो ट्यूबमध्ये टिकून राहू शकतो. ट्यूबची मागची मान काचेची आणि नाजूक असते. म्हणून मॉनिटर घरी उघडू नका, आमच्या माणसाला बोलवा. अशा मॉनिटरला कॉम्प्युटर थेट जोडणंही टाळा. त्याची आडवी वारंवारता (सेकंदाला किती आडव्या रेषा काढल्या जातात) साधारण १५ किलोहर्ट्झ, तर कॉम्प्युटरच्या व्हीजीए जोडणीची ३१ पासून सुरू होते. काही मॉनिटर त्याने बिघडतातही.

जुन्या बोर्डावर बॅटरी दिसली तर लगेच कळवा. गळलेली बॅटरी तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. कॅपकॉमच्या सीपीएस-२ बोर्डाचं तर वेगळंच दुखणं आहे. बॅटरी संपली की गेम उलगडणारी सांकेतिक किल्लीच पुसली जाते आणि बोर्ड सुरू होत नाही.

लाकूड आणि वायरिंग

१८ मिमीचा प्लाय किंवा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला तक्ता), दोन्ही चालतात. एमडीएफच्या कडा पाणी पितात आणि फुगतात, त्यामुळे ओल्या फडक्याने फरशी पुसली जात असेल तर पेटीला खाली पाय हवेतच. कडेच्या टी-मोल्डिंगची (कडेत बसणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीची) खाच रंगकामाआधी काढा. मागे खाली आणि वर जाळी ठेवा, गरम हवा आपोआप वर निघते.

बटणाच्या मायक्रोस्विचला बहुधा तीन टोकं असतात. आपल्याला सीओएम (सामाईक) आणि एनओ (एरवी उघडं, दाबल्यावर जोडलं जाणारं) लागतात. एनसीला (एरवी जोडलेल्या टोकाला) वायर लागली तर बटण कायम दाबल्यासारखं वागतं. डाग देण्याऐवजी (सोल्डर करण्याऐवजी) वायरच्या टोकाला दाबून बसणारी थिंबल लावा, म्हणजे बिघडलेला स्विच मिनिटात बदलता येतो. मेनची वायरिंग झाकणाखाली, फ्यूजसह, आणि धातूच्या प्रत्येक भागाला अर्थिंग. यात आम्ही तडजोड करत नाही. रास्पबेरी पाय बसवला असेल तर बंद करण्यासाठी वेगळं बटण देतो. मुख्य स्विच एकदम बंद केला तर मेमरी कार्डावरची माहिती खराब होऊ शकते.

गेमबद्दल

मेम हा जुने आर्केड गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने १९९७ साली सुरू केला आणि २०१६ पासून तो मुक्त स्रोत आहे. प्रोग्राम आम्ही बसवून देतो. गेमच्या प्रतींवर मात्र त्यांच्या कंपन्यांचा हक्क असतो, म्हणून त्या भरून देत नाही. बरेच जुने गेम अधिकृत संचांत विकत मिळतात. ते कसे बसवायचे हे आम्ही समोर बसून शिकवतो.

येताना काय आणाल

दहा गेमचा कागद, घरातल्या सगळ्यात लहान खेळाडूची उंची, जुनी पेटी असेल तर आतले फोटो. आणि मापं: दरवाजा, लिफ्ट, जिन्याचं वळण. उभं कॅबिनेट साधारण ६५ सेंमी रुंद आणि १७० ते १८० सेंमी उंच असतं, पिक्चर ट्यूबसह शंभर किलोच्या पुढे जाऊ शकतं. वळणावर ते मावणार नसेल तर आधी सांगा, म्हणजे आम्ही दोन भागांत बनवून जागेवर जोडू.